नवनियुक्त शिक्षकांचे प्रशिक्षण आणि शासकीय अनुदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली, समुपदेशनात शाळा मिळाली, रुजू अहवाल दिला. पुढच्या वर्षभरात नव्या शिक्षकाच्या कानावर डायट, निष्ठा, दीक्षा, समग्र, पीएफएमएस, 50 तास असे बरेच शब्द पडतात. यातला पैसा नेमका कुठून येतो, कोणाच्या हातात जातो आणि आपल्या वाट्याला त्यातले काय, हे मात्र कोणी बसवून सांगत नाही. हे पान प्रामुख्याने महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद, नगरपालिका व महानगरपालिका शाळांतल्या शिक्षण सेवकांसाठी, म्हणजे पहिली तीन वर्षे मानधनावर काम करणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी आहे. अनुदानित शाळा, महाविद्यालये आणि गोवा यांचे प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत.

माझ्या बँक खात्यात थेट जमा होणारे प्रशिक्षण अनुदान आहे का?

शालेय शिक्षकांसाठी नाही. पूर्वी सर्व शिक्षा अभियानात शैक्षणिक साहित्यासाठी दर शिक्षकामागे वर्षाला 500 रुपये मिळत. जुने सहकारी त्याची आठवण काढतात, म्हणून नव्यांना वाटते की आपलेही काही येणे बाकी आहे. ती पद्धत आता राहिलेली नाही. आजचा पैसा तीन वाटांनी येतो: प्रशिक्षणाचे दिवस, शाळेला मिळणारे अनुदान आणि छापील किंवा डिजिटल साहित्य. म्हणजे तो तुमच्या नावावर पडत नाही, लेखाशीर्षावर, म्हणजे अंदाजपत्रकातल्या ठरलेल्या खर्चाच्या खात्यावर पडतो. कोणते लेखाशीर्ष कोणाकडे आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याच्या वर्गात तो पैसा पोहोचतो. बाकीच्यांकडे तो 31 मार्चला परत जातो.

हा पैसा येतो कुठून?

मुख्य स्रोत समग्र शिक्षा, ही केंद्र आणि राज्याची शालेय शिक्षणाची एकत्रित योजना. 2018-19 मध्ये सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षण या तीन योजना एकत्र करून ती सुरू झाली. पुढचा टप्पा 2021-22 ते 2025-26 असा मंजूर झाला. या पानावरचे समग्रचे दर त्याच टप्प्याचे आहेत. टप्पा बदलला की दर बदलतात, तेव्हा खर्च करण्यापूर्वी त्या वर्षाचे पत्रक डोळ्यांखालून घाला. महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के.

राज्यात योजना राबवते महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद, मुंबई. प्रशिक्षणाचा भाग पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे, म्हणजे एससीईआरटीकडे असतो. तिथून तो जिल्ह्याच्या डायटकडे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था), मग तालुक्याच्या गट साधन केंद्राकडे आणि शेवटी तुमच्या शाळासमूहाच्या केंद्राकडे येतो.

जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या स्टार्स प्रकल्पात निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. अलीकडच्या वर्षांतली बरीच शिक्षक प्रशिक्षणे त्यातून झाली. पीएम श्री शाळेत नेमणूक असेल तर त्या योजनेचा निधी वेगळा.

सगळी प्रशिक्षणे जानेवारी ते मार्चमध्येच का येतात? तेव्हा तर मुलांचा अभ्यास ऐन भरात असतो.

तक्रार रास्त आहे. जिल्ह्यांची वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक दिल्लीत मंजूर होते, मग केंद्राचा हप्ता येतो, त्यावर राज्याचा हिस्सा पडतो आणि त्यानंतर खर्चाची मर्यादा जिल्ह्याला मिळते. मागच्या हप्त्याचे विनियोग प्रमाणपत्र एखाद्या टप्प्यावर अडले की पुढचा हप्ता अडतो. निधी हातात येईपर्यंत दिवाळी उलटते आणि 31 मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो.

शाळेच्या हातात एवढेच असते की वर्षाच्या सुरुवातीला केंद्रप्रमुख प्रशिक्षणाच्या गरजांची माहिती मागतात, तेव्हा ती नेमकी द्यायची. त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘निरंक’ किंवा ‘सर्व विषय’ असे लिहून पाठवले जाते. त्याऐवजी ‘बहुवर्ग अध्यापनात पहिली-दुसरीचे भाषेचे तास कसे लावावेत’ असे लिहिले, तर डायटच्या विषय सहायकाला निदान काहीतरी हाताशी लागते.

शिक्षण सेवकाला नियमित शिक्षकासारखेच प्रशिक्षण मिळते का?

हो. शिक्षण सेवकाचा कालावधी तीन वर्षांचा. मानधन 2023 मध्ये वाढवून प्राथमिकसाठी दरमहा 16,000, माध्यमिकसाठी 18,000 आणि उच्च माध्यमिकसाठी 20,000 रुपये करण्यात आले. प्रशिक्षणाच्या यादीत मात्र सेवक आणि नियमित असा भेद नसतो. नवनियुक्तांसाठीचे उद्बोधन डायट घेते आणि त्याचे आदेश गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत येतात.

नाव यादीत का आले नाही, असे अनेक जण विचारतात. बहुतेक वेळा कारण साधे असते: यादी यू-डायस (शाळांच्या माहितीची प्रणाली) किंवा शालार्थ (वेतनाची प्रणाली) यांतल्या नोंदीवरून काढलेली असते आणि तुमची नोंद अजून जुन्या शाळेत असते किंवा झालेलीच नसते. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यातच मुख्याध्यापकांकडून दोन्हीकडची नोंद तपासून घ्या.

‘50 तास’ म्हणजे नेमके काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये म्हटले आहे की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासात द्यावेत. त्यात डायटचे प्रत्यक्ष वर्ग, दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम आणि शाळासमूह केंद्राची शिक्षण परिषद यांची सांगड घालणे अपेक्षित आहे.

आमचा सल्ला असा की 50 तासांची बेरीज शेवटच्या आठवड्यात जुळवण्याऐवजी एकच विषय निवडून वर्षभर त्याच्या मागे लागा. पहिल्या वर्षी तो वाचन-लेखनाचा असावा. निष्ठा या राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमातली पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानावरची निष्ठा 3.0 ही 12 भागांची मालिका पहिली ते पाचवीच्या शिक्षकाला खरोखर उपयोगी आहे. भाग चालू ठेवून दुसरे काम करत बसले, तर तास भरतात, हाती काही लागत नाही.

दीक्षावर अभ्यासक्रम पूर्ण केला, प्रमाणपत्र आले नाही. काय चुकले?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

पहिले, तुकडीची मुदत. प्रत्येक अभ्यासक्रमाला सुरू होण्याची, नोंदणी बंद होण्याची आणि संपण्याची तारीख असते. शेवटच्या रात्री 11 वाजता प्रश्नमंजूषा सोडवली आणि नेट गेले, तर प्रगती नोंदलीच जात नाही. मुदत संपली की आशय वाचता येतो, प्रमाणपत्र मिळत नाही. निदान तीन दिवस हातात ठेवून संपवा.

दुसरे, 100 टक्के पूर्ण झालेले नसणे. व्हिडिओ पुढे ढकलत पाहिला किंवा पीडीएफचे शेवटचे पान उघडलेच नाही, तर तो घटक अपूर्ण राहतो आणि आकडा 96-97 वर अडतो. घटकांच्या यादीत ज्याच्यापुढे खूण नाही तो पुन्हा उघडून शेवटपर्यंत न्या.

तिसरे, गुण. निष्ठाच्या अंतिम चाचणीत 70 टक्के गुण लागतात आणि संधी तीनच. पहिली संधी ‘प्रश्न कसे असतात बघू’ म्हणून घालवू नका.

चौथे, प्रगतीचा मेळ. मोबाइलवर ऑफलाइन केलेले काम सर्व्हरवर गेलेले नसते. अभ्यासक्रमाच्या पानावर उजवीकडे वर तीन टिंबे आहेत. त्यात प्रगती सिंक करण्याचा पर्याय असतो, तो नेट चालू असताना दाबा. मोबाइल आणि संगणक दोन्हींवर काम केले असेल तर हे हमखास करावे लागते.

पाचवे, दोन खाती. एकदा मोबाइल क्रमांकाने आणि एकदा गुगलने लॉगिन केले की दोन वेगळी खाती तयार होतात आणि निम्मे भाग एकीकडे, निम्मे दुसरीकडे राहतात. रुजू झालात त्या दिवशीच एक खाते ठरवा आणि ते कुठेतरी लिहून ठेवा.

हे सगळे बरोबर असेल तर थांबा. प्रमाणपत्र लगेच पडत नाही, पंधरा दिवसही लागतात. ते प्रोफाइलमध्ये ‘शिकणारा पासबुक’ किंवा प्रमाणपत्रे या भागात येते. प्रमाणपत्रावर नाव प्रोफाइलमधले छापले जाते, म्हणून अभ्यासक्रम सुरू करण्याआधीच ते सेवापुस्तकाप्रमाणे करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांची इथे फार ओढाताण होते.

प्रशिक्षणाला गेल्याचा भत्ता मिळतो का? सुट्टीत प्रशिक्षण असेल तर?

चहा-नाश्ता, जेवण, निवास आणि साहित्य यांचा खर्च प्रशिक्षणाच्या मंजूर दरातून भागवला जातो. प्रवासभत्ता कोणी द्यायचा हे आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलेले असते. तो परिच्छेद वाचल्याशिवाय आदेश बाजूला ठेवू नका. भत्त्यासाठी आदेशाची प्रत, उपस्थिती प्रमाणपत्र आणि प्रवासाचा तपशील या तीन गोष्टी लागतात.

नियमित शिक्षकाला उन्हाळी किंवा दिवाळीच्या सुट्टीत प्रशिक्षणाला बोलावले, तर जितकी सुट्टी उपभोगता आली नाही तितक्या प्रमाणात अर्जित रजा खात्यावर जमा होते. ती आपोआप होत नाही. आदेश आणि कार्यमुक्ती प्रमाणपत्र जोडून मुख्याध्यापकांमार्फत अर्ज करावा लागतो आणि सेवापुस्तकात नोंद झालेली स्वतः पाहावी लागते. दहा वर्षांनी ही कागदपत्रे शोधणे फार जड जाते.

शाळेच्या अनुदानातून मला शैक्षणिक साहित्य घेता येईल का?

येईल, पण आकडे आधी समजून घ्या. समग्र शिक्षेतले संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1000 ला 75,000 आणि त्यावर एक लाख. ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात रक्कम बरेचदा हप्त्यांनी येते.

28 पटाची द्विशिक्षकी शाळा घ्या. हाती 10,000. त्यातले किमान 10 टक्के, म्हणजे 1,000, स्वच्छतेसाठी ठेवावेच लागतात: साबण, फिनेल, झाडू, शौचालयाची दुरुस्ती. वीजबिल, इंटरनेट, खडू, हजेऱ्या, प्रयोगाचे साहित्य, किरकोळ दुरुस्ती हे सगळे उरलेल्या 9,000 मध्ये. वर्षभराचे वीजबिलच तीन-चार हजारांवर गेले, तर साहित्यासाठी दोन-अडीच हजार राहतात. एवढ्या पैशांत रंगीत तक्ते विकत घेण्यापेक्षा मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तू घ्या: दशकाचे दांडे, नाण्या-नोटांचे संच, अक्षरकार्डांसाठी जाड कागद. भिंतीवरचा तक्ता दुसऱ्या आठवड्यापासून कोणी पाहत नाही.

मागणी तोंडी करू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीपूर्वी मुख्याध्यापकांना वस्तू, संख्या, अंदाजे दर आणि कोणत्या इयत्तेसाठी अशी अर्ध्या पानाची यादी द्या. ठरावात ती आली की खर्चाला आधार मिळतो. ठराव नसलेल्या पावतीवर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, आणि तेव्हा मुख्याध्यापक पुढच्या वर्षी कोणालाच काही घेऊ देत नाहीत.

पैसे आले म्हणतात, पण खात्यात शिल्लक शून्य दिसते.

2021 पासून केंद्राच्या योजनांचा पैसा राज्याच्या एकाच खात्यात राहतो आणि शाळेचे खाते शून्य शिल्लक असलेले असते. शाळेला मिळते ती खर्चाची मर्यादा. ती पासबुकात दिसत नाही, पीएफएमएस या सरकारी निधी व्यवस्थापनाच्या पोर्टलवर दिसते. क्रम असा: आधी विक्रेत्याची नोंद, मग देयकाची नोंद, मग मंजुरी, मग पेमेंट ॲडव्हाइस छापून त्यावर समितीचे अध्यक्ष आणि सचिव यांच्या सह्या, आणि ती मुदतीत बँकेत.

अडते ते ठरावीक ठिकाणी. विक्रेत्याचे खाते नाव आणि पावतीवरचे नाव जुळत नाही. अध्यक्ष बदलले, पण बँकेत सही बदललेली नाही. ॲडव्हाइस दप्तरात राहून मुदत संपते. आणि सगळा तालुका मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकाच वेळी पोर्टलवर येतो, तेव्हा ते उघडतच नाही. न वापरलेली मर्यादा वर्षअखेरीस जाते. द्विशिक्षकी शाळेत हे काम बहुधा नव्या, संगणक येणाऱ्या शिक्षकाच्या गळ्यात पडते. पडलेच तर देयके फेब्रुवारीतच पुरी करा.

निपुण भारतमधून शिक्षकाला काय मिळते?

पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी 2021 मध्ये सुरू झालेल्या या अभियानात शिक्षक हस्तपुस्तिका व साधनांसाठी दर शिक्षकामागे 150 रुपयांपर्यंत आणि लहान इयत्तांच्या मुलांच्या शैक्षणिक साहित्यासाठी दर मुलामागे वर्षाला 500 रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. हा खर्च बहुतेक वेळा राज्य किंवा जिल्हा पातळीवर होतो आणि शाळेत पेटी येते. पेटी मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद असेल तर साठा नोंदवहीवर सही करून वर्गात घ्या. हरवेल-फुटेल या भीतीने कुलूपबंद ठेवलेले साहित्य वाया गेलेलेच असते. प्राथमिक शिक्षकांना टॅबसाठी 10,000 रुपयांपर्यंतची तरतूदही समग्रमध्ये होती, पण ती जिल्ह्याच्या मंजूर योजनेत असेल तरच मिळते.

कृतिसंशोधन किंवा नवोपक्रमासाठी मदत मिळते का?

डायटकडे कृतिसंशोधनाचे मार्गदर्शन मिळते आणि एससीईआरटी शिक्षक व अधिकाऱ्यांसाठी राज्यस्तरीय नवोपक्रम स्पर्धा घेते. पैशांपेक्षा इथे मिळणारे मार्गदर्शन मोलाचे आहे.

प्रस्ताव परत येण्याचे पहिले कारण म्हणजे समस्येची मांडणी. ‘मुलांना गणित कठीण जाते’ ही समस्या नव्हे. समजा तिसरीच्या 19 मुलांना 305 − 128 सोडवायला दिले आणि 11 जणांनी उत्तर 223 लिहिले. बरोबर उत्तर 177. 223 कसे आले? प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: 8 मधून 5, 2 मधून 0, 3 मधून 1. म्हणजे मुले निष्काळजी नाहीत. ती एक चुकीचा नियम इमानाने पाळत आहेत, आणि मधल्या शून्यामुळे शतकातून घेतलेला हातचा दशकावरून एककापर्यंत आणणे त्यांना सुचत नाही. ‘तिसरीच्या 19 पैकी 11 मुलांना दशकस्थानी शून्य असताना हातच्याची वजाबाकी जमत नाही’ ही खरी समस्या. त्यावर काड्यांच्या गठ्ठ्यांनी सहा आठवडे काम, आधीची व नंतरची चाचणी, दोन्ही उत्तरपत्रिकांच्या प्रती, एवढे पुरते. छायाचित्रे चार बास. चाळीस छायाचित्रे आणि शून्य उत्तरपत्रिका असलेला अहवाल पुढे जात नाही.

नोकरी करताना बी.एड. किंवा एम.ए. करायचे आहे. शुल्क परत मिळते का?

शुल्काची भरपाई मिळेल असे गृहीत धरू नका. सेवेत राहून शिकण्याची परवडणारी वाट म्हणजे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. तिथला दोन वर्षांचा बी.एड. सेवांतर्गत प्रशिक्षित शिक्षकांसाठी आहे. स्वयम् पोर्टलवर अभ्यासक्रम मोफत आहेत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते.

प्रवेश घेण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याची लेखी पूर्वपरवानगी घ्या. आधी पदवी आणि मग परवानगी, असा उलटा क्रम झाला की सेवापुस्तकात अर्हतेची नोंद घेताना अडचण येते आणि पुढे पदोन्नतीच्या वेळी ती डोके वर काढते. अध्ययन रजा शिक्षण सेवकासाठी नाही. काही वर्षांची नियमित सेवा झाल्यावरच तिचा विचार होतो.

वरिष्ठ वेतनश्रेणीचे प्रशिक्षण आत्ताच करता येईल का?

नाही. ते 12 वर्षांच्या सेवेनंतर, निवडश्रेणीचे 24 वर्षांनंतर. त्याचे शुल्क शिक्षकालाच भरावे लागले आहे. अलीकडच्या फेऱ्यांत ते 2,000 रुपये होते. आत्ता करायचे ते एकच: नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, सेवा नियमित झाल्याचा आदेश यांच्या प्रती जपून ठेवणे.

शिक्षक पात्रता परीक्षेबद्दलचा (टीईटी) न्यायालयाचा निकाल नव्या शिक्षकांना लागू आहे का?

1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांना टीईटी उत्तीर्ण होण्यासाठी दोन वर्षे दिली. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पदोन्नतीसाठी मात्र टीईटी लागेल. पवित्रमधून पहिली ते आठवीवर नव्याने आलेले शिक्षक टीईटी किंवा सीटीईटी (केंद्राची पात्रता परीक्षा) करूनच आलेले असतात.

मी खाजगी शाळेत आहे. मला यातले काय लागू?

अनुदानित शाळेतल्या शिक्षकांना एससीईआरटी आणि डायटची प्रशिक्षणे लागू आहेत. संयुक्त शाळा अनुदान मात्र शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांचे. विनाअनुदानित शाळेतल्यांना दीक्षा आणि स्वयम् खुले आहे. सीबीएसई शाळेत असाल तर मंडळाचे 50 तास बंधनकारक आहेत: 25 तास मंडळाच्या किंवा शासकीय संस्थांच्या प्रशिक्षणातून आणि 25 तास शाळेत किंवा शाळा संकुलात.

महाविद्यालयात सहायक प्राध्यापक म्हणून नव्याने लागलेल्यांसाठी?

इथे मात्र थेट अनुदान आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 5 सप्टेंबर 2022 रोजी नव्याने नियुक्त प्राध्यापकांसाठी डॉ. डी. एस. कोठारी संशोधन अनुदान सुरू केले: दोन वर्षांसाठी 10 लाख रुपये, 132 जणांना. नियुक्ती नियमित पदावर हवी, तासिका तत्त्वावरची चालत नाही. उद्बोधन आणि उजळणी वर्ग मालवीय मिशन या शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाच्या केंद्रांतून होतात. ते पदोन्नतीत मोजले जातात, त्यामुळे पहिल्या दोन वर्षांतच उरकणे शहाणपणाचे.

गोव्यात कोणाकडे जायचे?

पर्वरीच्या एससीईआरटी आणि डायटकडे. केंद्र व राज्याचा वाटा तिथेही 60:40, दीक्षा आणि निष्ठाचे नियम तेच. शिक्षण सेवक ही महाराष्ट्राची पद्धत आहे, ती गोव्याला लागू नाही.

प्रत्यक्ष प्रशिक्षण केले, पण उपस्थिती प्रमाणपत्र मिळालेच नाही. आता?

आधी गट साधन केंद्रात त्या दिवसांचे हजेरीपत्रक मागा. सही असेल तर तिथले विषयतज्ज्ञ दुय्यम प्रत काढून देऊ शकतात. तिथे नसेल तर प्रशिक्षणाच्या आदेशाचा जावक क्रमांक आणि तारीख घालून डायटच्या प्राचार्यांना मुख्याध्यापकांमार्फत लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. तोंडी विचारणा नोंदली जात नाही. दोन-तीन वर्षे उलटली की हजेरीपत्रक शोधणेच कठीण होऊन बसते, तेव्हा ही मागणी त्याच सत्रात करा. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी हजेरीपत्रकावर सही करताना त्या पानाचे छायाचित्र काढून ठेवले असेल, तर अर्जासोबत तेच जोडा.